उजेड दिसता कामा नये

राज्यांची नव्यानं वाटणी झाली तेव्हा हैदराबादेत कोण कोण अस्वस्थ झालं, कुणी कुठं भाषणं ठोकली, ते इतिहासात असेलच. आमच्या घरापुरता त्या वाटणीचा सगळा भार एकाच माणसानं डोक्यावर घेतला होता, आणि तो माणूस म्हणजे आमची आई.

जुन्या हैदराबाद राज्याचे तेव्हा तीन वाटे झाले. कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि तेलुगू जिल्हे, आमच्या शहरासकट, आंध्रात. भाऊ भाऊ वेगळे निघाले की परातीपासून पलंगापर्यंत सगळ्याला वाटेकरी होतात, तसंच चाललं होतं. कचेऱ्यांतली कपाटं वाटली गेली, बसगाड्या वाटल्या गेल्या आणि सरकारी नोकरही वाटले गेले. ज्याचा जिल्हा जिकडं, तो तिकडं. मी नुकताच सरकारी तंत्रशाळेत शिकवायला लागलो होतो आणि आमचं मूळ गाव परभणीकडचं. झालं. मी मराठवाड्याच्या वाट्याला गेलो. औरंगाबादेत नवी तंत्रशाळा निघणार होती, तिथं मी हजर व्हायचं असा हुकूम आला.

आई गौलीगुड्यात जन्मलेली आणि मलकपेठेत नांदलेली. मलकपेठेतून माहेरी जायचं म्हणजे चादरघाटचा पूल ओलांडायचा, खाली मुसी नदी, तेवढाच तिचा परदेश. तिच्या बहिणी, तिचे भाजीवाले, तिच्या मैत्रिणी आणि तिची जुनी भांडणं, सगळं या दोन टोकांच्या मधे नीट लावून ठेवलेलं. मी एकुलता एक. मी औरंगाबादला गेलो की बिऱ्हाडही तिकडंच जाणार, हे न सांगता ठरलेलं होतं.

वडील मात्र खूश होते. ते तरुणपणी गाव सोडून शहरात कारकुनीला आले, इथंच पेन्शनीत निघाले आणि तेव्हापासून ओसरीवर बसून आपल्या मुलखाच्या आठवणी काढत होते. तिकडची ज्वारी, तिकडचं पाणी, तिकडची माणसं.

‘मुलूख म्हणे,’ आई आतून म्हणायची. ‘मुलखात पाय ठेवला की ह्यांचं पोट बिघडतंय. लगीन असो की बारसं, परतीच्या गाडीत ह्यांना लिंबाचं पाणी पाजत आणायचं. आन् चालले मुलखाला!’

‘आता तिकडं राहूनच सवय करू,’ वडील म्हणायचे.

‘तुमी करा सवय. मला कोण वळखतंय तिकडं?’

यावर वडील पानाचा डबा उघडायचे.

हुकमात एक सवड होती. माझ्या जागी दुसरा माणूस मिळाला की मला मोकळं करायचं, तोवर नाही. आणि माणूस काही मिळत नव्हता. कारण शहराची अवस्थाच तशी झाली होती. मराठी फिटर मराठवाड्यात गेले, कानडी टर्नर गुलबर्ग्याकडं गेले, आणि इकडं गौलीगुड्याच्या डेपोत बसगाड्या हात लावायला माणूस नाही म्हणून उभ्या. पाणीपुरवठ्याचे पंप, विजेचे खांब, नवे निघणारे कारखाने, सगळीकडून तंत्रशाळेला एकच निरोप: माणसं द्या. तंत्रशाळेत होते तेवढे वर्ग दिवसभर भरलेले. मग ठरलं की संध्याकाळचे वर्ग काढायचे, म्हणजे दिवसा कामधंदा करणाऱ्यांनाही शिकता येईल. नारायणगुड्यात एक बंद पडलेलं मोटारींचं गॅरेज भाड्यानं घेतलं, त्यात लांबलचक बाकं टाकली, बाकांवर लोखंड घट्ट धरणारे शिकंजे बसवले आणि फिटरचा पहिला वर्ग माझ्या गळ्यात घातला.

आमचे प्रिन्सिपलसाहेब जुन्या वळणाचे, कडक शेरवानीतले. त्यांनी मला बोलावून चहा पाजला आणि मोठ्या अदबीनं सांगितलं, ‘देखिये, आपकी जगह कोई मिल नहीं रहा. तो आप ही तैयार कीजिये. इस पहले वर्ग में जो सबसे अव्वल आए, वही आपकी कुर्सी पर बैठेगा. बाकी सब डेपो में. फिर आप खुशी से औरंगाबाद जाइये.’

मी ‘जी’ म्हणून बाहेर आलो आणि पायऱ्या उतरताना माझ्या लक्षात आलं की माझी बदली माझ्याच हातानं घडवायचं काम मला दिलेलं आहे. चांगलं शिकवलं तर लवकर जाणार. वाईट शिकवलं तर इथंच राहणार. असा सौदा सरकारनं क्वचितच कुणाशी केला असेल.

घरी हे सांगितल्यावर वडील हसले. आई हसली नाही. ती भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, ‘मग तू जरा हळू शिकीव की.’

‘हळू शिकवायचं म्हणजे काय?’

‘म्हंजे हळू. तुला घाई काय हाय?’

मला हळू शिकवता येत नाही. स्वभाव तसा नाही. कुणी कानस तिरकी धरलेली दिसली की माझं डोकं फिरतं, आणि मी जाऊन त्याचा कोपर सरळ करतोच. कानस म्हणजे लोखंड घासायचं दातेरी हत्यार. फिटरचा हात तिच्यावरच बसतो. पहिले कित्येक आठवडे माझ्या वर्गात फक्त कानशीचा खरखराट आणि माझा आवाज, एवढंच ऐकू यायचं. शेजारच्या दुकानदारानं एकदा येऊन विचारलं की मास्तर, तुम्ही लोखंड शिकवता की भांडण शिकवता.

वर्गात डझनभर माणसं होती आणि त्यांतली निम्मी माझ्यापेक्षा मोठी. सगळ्यांत मोठे आमच्याच गल्लीच्या तोंडाशी सायकलींचं दुकान चालवणारे. आम्ही त्यांना सायकलवालेच म्हणायचो. मलकपेठेतली प्रत्येक वाकडी रिम त्यांच्या हातून सरळ झालेली. पण सायकलीवर पोट भागत नव्हतं आणि सरकारी शिक्क्याशिवाय डेपोत कुणी उभं करत नव्हतं, म्हणून दाढीत पांढरे केस आल्यावर हा माणूस वर्गात येऊन बसला. मला ‘साब’ म्हणायचे आणि मी ओरडलो की मान खाली घालून ऐकायचे. मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं, पण ओरडणं थांबायचं नाही.

दुसरा एक नारायणगुड्यातल्या फुलवाल्याचा मुलगा. घरी तेलुगू, वर्गात आमची सगळ्यांची मिळून जी दखनी उर्दू होती ती. प्रत्येक वाक्याला ‘सार’ लावायचा. आणि तिसरा नांदेडकडचा. त्याचे वडील इथल्या दवाखान्यात शिपाई होते, घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, आणि त्याचं लग्न ठरलं होतं. मुलीच्या वडिलांनी एवढंच म्हटलं होतं की मुलगा नोकरीला लागला की लगेच, नव्या पद्धतीनं, साधं लग्न करू. त्यामुळं तो कानस अशी चालवायचा की जणू बोहल्यावर जायची वाट त्या लोखंडातूनच कापायची आहे.

माझा शेवटचा धडा एकच होता. लोखंडाच्या जाड पट्टीत चौकोनी भोक करायचं. मग त्या भोकात बसेल असा चौकोनी ठोकळा घासून करायचा. ठोकळा भोकात हातानं सरकला पाहिजे, ठोकावा लागता कामा नये. आणि बसल्यावर पट्टी खिडकीकडं धरली तर ठोकळ्याच्या कडेनं उजेडाची रेघ दिसता कामा नये. कुठल्याही बाजूनं नाही. ‘उजेड दिसता कामा नये,’ हे मी इतक्या वेळा ओरडलो असेन की नारायणगुड्यातल्या पोरांनी रस्त्यात मला ते म्हणून दाखवायला सुरुवात केली.

घरीही मी एक पट्टी नेली होती. आई तव्यावर भाकरी टाकून ती पट्टी उचलायची, एक डोळा मिटून खिडकीकडं बघायची आणि म्हणायची, ‘ह्यात काय दिसंना.’

‘दिसता कामा नये, तेच तर.’

‘काय दिसंना म्हणून बक्षीस देतेत व्हय रे तुमच्या शाळंत?’

सहामाही गेली, थंडी गेली. वर्गाचे हात तयार झाले. मी ओरडायला जागा शोधू लागलो आणि सापडेना. नांदेडवाल्याचा ठोकळा असा बसायचा की पट्टी उलटी केली तरी पडायचा नाही. फुलवाल्याच्या पोरानं एकदा माझीच पट्टी खिडकीकडं धरून अदबीनं म्हटलं, ‘सार, इदरसे थोडा दिकरा सार,’ आणि दिसत होतं. सायकलवाल्यांचं तर विचारूच नका. मला कळून चुकलं की परीक्षा झाली की माझं बिऱ्हाड हललं.

आईलाही ते कळलं होतं. तिनं काही बोलणं सोडून दिलं होतं, आणि आमची आई बोलायची थांबली की घरात कुणाला चैन पडायचं नाही. ती गौलीगुड्याला जास्त जाऊ लागली. बहिणींकडून येताना लोणच्याच्या बरण्या आणायची, जणू औरंगाबादेत कैऱ्याच लागत नाहीत. वडिलांनी एकदा भीत भीत ट्रंक माळ्यावरून काढली, तर तिनं ती तशीच उचलून परत माळ्यावर चढवली. मला फार वाईट वाटत होतं. पण मी काय करू शकत होतो? नीट घासलेलं लोखंड वाकडं करायला कसं सांगायचं असतं, तेही मला येत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले. रेल्वेच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, जाड भिंगांचा चष्मा, तोंडात पान. सकाळीच प्रत्येकाला कोरी पट्टी आणि कोरा तुकडा दिला गेला. काम सुरू झालं. मला जवळ जायची मनाई होती, म्हणून मी दाराशी उभा राहून कानशींचे आवाज ऐकत होतो. आवाज उत्तम होते. लांब, सरळ, न घाबरलेले. मी मनातल्या मनात आईच्या बरण्या मोजायला लागलो.

दुपारी परीक्षकांनी पहिली पट्टी उचलली, खिडकीकडं धरली आणि भुवया वर केल्या. उजेड. चक्क उजेड. त्यांनी दुसरी उचलली, तिसरी उचलली. सगळ्यांत उजेड. सायकलवाल्यांच्या पट्टीतही उजेड. मी दारातून आत आलो. मग, खोटं कशाला बोलू, एक क्षण मनात मांडेही खाल्ले: सगळे नापास, म्हणजे पुन्हा वर्ग, म्हणजे आई मलकपेठेत, ट्रंक माळ्यावर.

परीक्षकांनी ती सायकलवाल्यांची पट्टी माझ्या हातात दिली. मी खिडकीकडं धरली आणि मांडे तिथंच विरले.

कुणाचा हात चुकतो तेव्हा फट एका कोपऱ्यात रुंद असते, दुसरीकडं अरुंद. कानस तिरकी गेली की उजेडही तिरका येतो. इथं ठोकळा नुसत्या चार कोपऱ्यांवर टेकलेला, आणि चारी बाजूंनी एकसारखी, आखल्यासारखी सरळ, केसाएवढी फट होती. मी दुसरी पट्टी उचलली. तशीच. फुलवाल्याच्या पोराची, नांदेडवाल्याची, सगळ्यांची तशीच. इतकी नेटकी चूक चुकून होत नाही. आधी ठोकळा नेमका बसवावा लागतो, आणि मग कोपरे राखून चारी अंगांनी मोजून तेवढाच कमी करावा लागतो. ते बरोबर करण्यापेक्षा अवघड काम आहे. माझं डोकं फिरलं.

परीक्षकही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते पान चघळत म्हणाले, ‘मास्टरसाब, ऐसी सलीके की गलती मैं पूरी उमर में नै देखा. ये फेल होने को आये क्या?’

‘साहेब,’ मी म्हणालो, ‘ह्यांनी मुद्दाम केलंय. यांना दुसरे तुकडे द्या. मी हात जोडतो.’

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि सांगितलं की ते जेवायला जातायत, जेवून थोडं आडवं व्हायची त्यांची सवय आहे, आणि निकाल ते संध्याकाळीच लिहितात. तोवर बाकांवर जे सापडेल ते ते तपासतील. असा भला माणूस.

ते गेल्यावर मी दार लावलं आणि तोंड सोडलं. काय काय बोललो ते आठवत नाही. शेजारच्या दुकानदाराला नक्की आठवत असणार.  नव्या पट्ट्या आणि तुकडे मी बाकांवर ठेवले, पण कुणी कानशीला हात लावेना. शेवटी सायकलवाले एक पाऊल पुढं आले.

‘साब, खफा नक्को होव. अम्माकू जबान दिये हम लोगां.’

‘कुठली अम्मा?’

‘आपके अम्मा.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आई भाजीला जाताना त्यांच्या दुकानाशी थांबायचीच. काही महिन्यांपूर्वी अशीच थांबली आणि हसत हसत म्हणाली, ‘इतनी जल्दी कैकू सीखते जी? जरा हल्लू सीखो. मेरा पोट्टा यहीं रैता.’ सायकलवाले तेव्हा ‘जी अम्मा’ म्हणाले. एवढंच. पण हैदराबादेत ‘जी अम्मा’ म्हणणं ही साधी गोष्ट नसते. इथं कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही, आणि वडीलधाऱ्या बाईला तर नाहीच. भीडमुर्वत इथल्या माणसाच्या हाडात असते. म्हटलं ते म्हटलं. सायकलवाल्यांनी ही गोष्ट वर्गात सांगितली. वर्गातल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं ती मनाला लावून घेतली. मला कुणीही ‘साब, जाऊ नका’ असं म्हटलं नाही. तेही तोंडावर म्हणायची रीत नाही. नांदेडवाला तर घरी येऊन आईच्या पाया पडून गेला होता. आईला वाटलं, पोरगं परीक्षेसाठी पाया पडतंय. तिनं त्याला चिवडा दिला.

‘अरे, तुझं लग्न?’ मी त्याच्यावर ओरडलो.

‘होईल की सर पुढच्या साली,’ तो बुटांकडं बघत म्हणाला. ‘आईंनी पैल्यांदाच कायतरी मागितलं.’

आणि सायकलवाले! पहिला येणारा माझ्या खुर्चीवर बसणार होता, आणि पहिला कोण येणार हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. तीच खुर्ची ते मला ठेवायला निघाले होते. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. 

‘आता काय म्हणणं आहे तुमचं?’ मी कसंबसं विचारलं.

‘अम्मा खुद बोले तो करते,’ सायकलवाले म्हणाले. ‘जबान उनकू दिये, आपकू नै.’

मी त्यांचीच सायकल घेतली आणि नारायणगुड्यापासून मलकपेठेपर्यंत जी मारली ती मारली. आई ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. वडील पलीकडं पान लावत होते.

‘आई, सगळे नापास झाले,’ मी म्हणालो.

तिच्या हातातली शेंग तिथंच थांबली. मग तिच्या चेहऱ्यावर ऊन पसरलं. ‘सगळे? खरंच? मंग आता आपण...’

‘तुझ्या शब्दाखातर झाले. मुद्दाम. तू त्यांना हळू शिका म्हणाली होतीस ना, म्हणून.’

तिला समजायला जरा वेळ लागला. मी एकेक करून सांगितलं. ऊन हळूहळू उतरलं. ‘मी तर हसत बोलले रे,’ ती म्हणाली. ‘हसत बोललेलं कुणी असं धरून बसतंय का?’

‘ते बसलेत धरून.’

‘त्या नांदेडच्या पोराचं लगीन ठरलंय ना?’

‘ठरलंय. पण नापास झाल्यावर डेपो घेणार नाही.’

ती उठली. शेंगांची सुपली बाजूला सारली, आत गेली आणि गौलीगुड्याला जायची साडी नेसून बाहेर आली. वडीलही चपला शोधायला लागले.

‘तुमी बसा,’ ती म्हणाली. ‘तुमाला तर हेच पायजे होतं.’

वडील बसले. मी मागं वळून पाहिलं तेव्हा ते वालाच्या शेंगा सोलायला लागले होते. त्यांनी उभ्या जन्मात शेंग सोललेली मी पाहिली नव्हती.

मी सायकल दुकानात टाकली आणि रिक्षा केली. पुलावर आल्यावर आईनं रिक्षावाल्याला हळू चालव म्हणून सांगितलं. मुसीत तेव्हा पाणी असं नव्हतंच, पात्रात धोबी कपडे वाळत घालत होते. ती ते सगळं निरखून बघत राहिली. मी तिच्या शेजारी बसलो होतो आणि मला वाटत होतं की रिक्षा वळवावी, घरी जावं, कुणी काही पास होऊ नये. पण पूल संपला तसं मीच रिक्षावाल्याला नारायणगुड्याचं वळण दाखवलं. 

गॅरेजच्या दारात तिला पाहून सगळे उठून उभे राहिले. फुलवाल्याच्या पोरानं पळत जाऊन स्टूल आणलं. ती बसली नाही. बाकावरची एक पट्टी तिनं उचलली, एक डोळा मिटला आणि खिडकीकडं धरली. बराच वेळ बघत होती.

‘कित्ता अच्छा करे रे,’ ती म्हणाली. ‘चारों तरफ बराबर.’

कुणी मान वर करेना.

‘मैं हसके बोली थी. तुम लोगां सच्ची समझे?’

‘आप बोले सो बोले, अम्मा,’ सायकलवाले म्हणाले.

‘तो अब बी मैंइच बोलरी. ये ठेवा बाजूला. नवा करो. उजाला नक्को दिखना.’

‘और साब?’

‘साब जाते. मैं बी जाती.’ मग नांदेडवाल्याकडं वळून ती मराठीत म्हणाली, ‘आन् तू, लगनाला मला बोलीव. औरंगाबादहून येईन. नाय बोलीवलास तर बघ.’

मग ती स्टुलावर बसली, दाराशी, हात मांडीवर ठेवून. कानशी सुरू झाल्या. आई शेवटपर्यंत हलली नाही. कुणी थांबलं की त्याच्याकडं बघायची आणि तो पुन्हा घासायला लागायचा. मी वर्ग घेतला त्या सगळ्या काळात एवढी शिस्त माझ्या आवाजाला साधली नव्हती.

परीक्षक झोपून उठून आले, आईला पाहून त्यांनी अदबीनं आदाब केला आणि ती कोण असं विचारलंही नाही. पट्ट्या एकेक करून खिडकीकडं धरल्या. कुठंच काही दिसलं नाही. सगळे पास. सायकलवाले पहिले.

जुन्या, उजेड दिसणाऱ्या पट्ट्या भंगाराच्या पेटीत टाकायच्या होत्या. निघताना आईनं वाकून त्यातली एक उचलली आणि पदरात घेतली.

पुढचं सगळं भराभर झालं. सायकलवाले माझ्या जागी लागले, आणि मी गेल्यावर वर्गात माझ्यापेक्षाही जास्त ओरडायला लागले म्हणे. ट्रंक माळ्यावरून आईनंच उतरवली. स्टेशनवर सगळा वर्ग आला होता. कुणीही ‘जाऊ नका’ म्हटलं नाही. सगळे आमचं सामान डब्यात चढवत राहिले, खाली उतरवून पुन्हा नीट लावत राहिले, गाडी हलेपर्यंत.

औरंगाबादेत मी नवा वर्ग काढला. तिथंही शेतांवर इंजिनं येत होती, तिथंही माणसं हवी होती. वडिलांना पहिल्याच आठवड्यात पाणी बाधलं, आणि पुढची सगळी वर्षं ते ओसरीवर बसून हैदराबादच्या पानाच्या आणि चहाच्या आठवणी काढत राहिले. आईनं कुरकुर केली नाही. ती नांदेडवाल्याच्या लग्नाला गेली, जाऊन आली, शेजारणी जोडल्या, नवे भाजीवाले वळणावर आणले. पण ‘घरी’ म्हटलं की तिला मलकपेठच म्हणायचं असायचं, आणि आम्ही ते कधी दुरुस्त केलं नाही.

ती पट्टी स्वयंपाकघरातल्या खिडकीत असायची. नवी शेजारीण आली आणि हैदराबादेत तुमचं कोण असतं असं तिनं विचारलं, की आई तव्याखालची आच कमी करायची, ती पट्टी उचलून तिच्या हातात द्यायची आणि एक डोळा मिटून खिडकीकडं धरायला लावायची.

‘दिसला का उजेड?’ ती विचारायची. ‘चारी बाजूंनी सारखा. माझ्यासाठी केलाय.’